सेतुमाधवरावांचा धबधबा

आमच्या इमारतीवरची टाकी भरून वाहू लागली की सगळे मोटार बंद करायला धावत आणि सेतुमाधवराव ट्रायपॉड आणायला. दोन मिनिटं थांबा, असं ते वॉचमनला तमिळमध्ये विनवत. टँकरची वाट पाहणाऱ्या चेन्नईत हे कोण सहन करणार? असोसिएशनने त्यांना लेखी समज दिली. ती घेताना त्यांनी सेक्रेटरीला कॅमेऱ्याचं शटर सावकाश मिटवण्याचं महत्त्व समजावून सांगितलं.

चेन्नईजवळ ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात ते माझे वरिष्ठ होते. घराणं तंजावरचं, मराठी जुनं आणि त्याला तमिळ हेल. मी पुण्याचा, माझं मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखं वाटे. सुट्या भागांतले दोष शोधणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते घरीही घेऊन येत. धबधब्याचे फोटो कसे काढावेत, याबाबत अख्खा कारखाना त्यांचा सल्ला घेई. ज्या लेन्समध्ये सगळा धबधबा मावतो तिच्यात कडा वाकतात, जिच्यात कडा सरळ राहतात तिच्यात धबधबा मावत नाही, असं ते गंभीरपणे सांगत. पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून लावायचे काळे फिल्टरच त्यांच्याकडे सहा होते. धबधबा मात्र त्यांनी एकही टिपला नव्हता.

"आधी सामान पुरं होऊ दे रे," ते म्हणत. "पाणी कुठे जातंय?"

त्यांच्या पत्नी कमलाबाई लग्नापासून तेनकासीकडचा एक धबधबा पाहायचा म्हणत होत्या. दरवर्षी एखादी वस्तू कमी पडे. शेवटी बाईंचे गुडघे इतके दुखू लागले की जिना उतरणं कठीण झालं. तेव्हा नवऱ्याला न विचारता त्यांनी मला गाडी ठरवायला सांगितली.

तिथे पोहोचल्यावर सेतुमाधवराव दोन तास लेन्स बदलत राहिले. काचेवर तुषार बसत, ते पुसत, पुन्हा बसत. कुणी चौकटीत आलं की थांबत. कंटाळून कमलाबाई आधाराला लावलेली साखळी धरून हळूहळू पाण्यात उतरल्या. धबधब्याची उंची कळायला माणूस हवाच, हे रावांना तेव्हा पटलं.

"कमला, आठ सेकंद हालू नको," ते म्हणाले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र उमटलं. पाण्याचं रेशीम झालेलं, आजूबाजूच्या माणसांचा नुसता धूर. आणि मधोमध कमलाबाई, चष्म्याच्या काडीसकट स्पष्ट. त्या पाण्यात, त्या गुडघ्यांवर बाई खांबासारख्या उभ्या राहिल्या होत्या. राव बराच वेळ बघत राहिले. आता दोष सांगतील म्हणून मी वाट पाहिली. ते फक्त "सरि", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले, कॅमेरा माझ्या हाती दिला आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले.

गेल्या वर्षी राव गेले. भेटायला आलेले कारखान्यातले एक गृहस्थ भिंतीवरचा तो फोटो निरखत होते. कुठली लेन्स वापरली, असं त्यांनी कमलाबाईंना विचारलं.

"ते मज ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "हालू नको म्हणाले, मी हालले नाही."