दोन सऱ्या गाजरगवत

"अनू बोलत नाही, पण कामाला चोख," आई हिराबाईंना सांगत होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि आणखी जोमाने उपटू लागले.

मखमलाबादजवळ आमचा दसऱ्याचा झेंडू आहे. त्यात गाजरगवत घुसलं होतं. पप्पांनी कामावर निघताना सांगितलं, "पान कातरलेलं असतं. फूल यायच्या आत मुळासकट काढायचं, नाहीतर झेंडू विसरा." सहा सऱ्या होत्या. दोन माझ्याकडे, चार आमच्याकडे वर्षानुवर्षं खुरपणाऱ्या हिराबाईंकडे.

मला दोन्ही पानं कातरलेलीच दिसत होती. (शाळेत गाजरगवताचं लॅटिन नाव पाठ केलं होतं. तोंडओळख राहून गेली.) विचारायची लाज वाटली, म्हणून मीच नियम केला: ज्याला उग्र वास येतो, ते तण. झेंडूचं रोप कधी चुरगाळून पाहिलंय? मीही पहिल्यांदाच!

उरलेल्या रोपांना मी शेणखत घातलं. रोज पाणी दिलं. आठ-दहा दिवसांत बारीक पांढरी फुलं आली. झेंडू आधी पांढरा असतो आणि पिकल्यावर पिवळा होतो, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी पप्पा शेतात आले आणि त्या दोन सऱ्यांपाशी उकिडवे बसले. बराच वेळ उठलेच नाहीत.

"झेंडू उपटून गाजरगवत ठेवलंय," ते म्हणाले. "शेणखतसुद्धा घातलंय. या सऱ्या कोणाच्या?"

"हिराबाईंच्या," आई लगेच म्हणाली. "अनूच्या त्या पलीकडच्या. बघा, किती स्वच्छ."

हिराबाईंनी त्या स्वच्छ सऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चपलेकडे पाहिलं.

"आसंल वहिनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "डोळ्यांला नीट दिसत नाय आता."

"मग उद्यापासून दुसरी बाई बघावी लागेल," आई म्हणाली. "राग मानू नका, पण दसरा तोंडावर आलाय."

हिराबाईंनी खुरपं पदराला पुसलं आणि डबा उचलला. गप्प बसण्याचा मला एवढा सराव, पण त्या दिवशी काही जमेना.

"त्या सऱ्या माझ्या आहेत," मी म्हणाले. "हिराबाईंना दिसतं. आणि पप्पा, ती पांढरी फुलं परवापासून माझ्या डीपीला आहेत."