अर्धं वाक्य आणि अख्खं वाळवंट

“तठेन उनू का मंग मन्हा पाय या घरमा नही. मी ते सरळ…”

एवढंच ऐकू आलं आणि माझ्या कुकरनं शिट्टी मारली. शिट्टी संपेपर्यंत शेजारच्या वत्सलाभाभींचा फोन संपला होता. तिकडून आले की या घरात पाय ठेवणार नाही, सरळ… कुठे? आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती काही फार जाड नाही. पण त्या दिवशी भिंतीनं नाही, कुकरनं दगा दिला.

मी फक्त कॉलनीतल्या मीनाबाईला सांगितलं. फक्त एकीलाच. संध्याकाळी दूध घ्यायला गेले तर तिथे तीच बातमी माझ्याकडे परत आली, आणि तीही पूर्ण होऊन! वत्सलाभाभी परदेशाच्या सहलीवरून आल्या की नवऱ्याला, तात्यांना, सोडून देणार म्हणे. वकीलसुद्धा ठरला होता.

शेतात जाऊन आलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटतात, आपण थोडीच लावून घेतो? किश्श्यांचं तसंच असतं. त्या सहलीचे किस्से मला असे चिकटले की अजून एकेक उपटून काढतेय.

*

आधी माणसं सांगते. आम्ही शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याच्या एका कॉलनीत राहतो. तात्या जिनिंगमध्ये कापूस पारखायचे, आता रिटायर. माणूस चांगला, पण पाण्याचा ग्लाससुद्धा हाक मारून मागणारा. मुलगा सुरतला. वत्सलाभाभींचं माहेर नंदुरबारजवळचं कोरीट. भाऊ नाही, आई गेल्या वर्षी गेली. आता तिथे एकटे आबा, त्यांचे वडील.

हे आबा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणजे नाही! भेटायला येतात ते कोरीटहून स्वतःची बाटली घेऊन. तात्या हात धरून आत बोलावतात तर म्हणतात, “तुमी बठा जवाई, मी आठेच बरा शे,” आणि दाराबाहेरच्या ओट्यावरच बसतात.

एकदा भर वैशाखात त्यांची बाटली संपली. भाभी आत माठाजवळ उभ्या, डोळ्यांत पाणी. आबा उठले आणि माझ्या दारात आले.

“लताबाई, तू मन्ही कोन लागस?”

मी म्हटलं, “शेजारीण.”

“मंग पानी दे माय. तुन्हा घरनं चालस.”

यंदा पावसाळ्यात आबा अंगणात घसरून पडले. सकाळी दूधवाला आला तेव्हा त्यानं उठवलं. लेकीकडे राहायला चला म्हणून भाभी रडल्या. आबांनी मान हलवली, पण आडवी.

*

सहल मुलानं काढून दिली होती. सिंगापूर, दुबई झालेली माणसं आमच्या कॉलनीत ढिगानं आहेत. कुणी गेलंच नाही अशा ठिकाणी जायचं असं तात्यांनी ठरवलं. भाभींनी मोबाइलवर वाळवंटात पेटलेला खड्डा पाहिला होता. तुर्कमेनिस्तान! तिथे वाळवंटात कापूस पिकतो हे कळल्यावर तर तात्या कुणाचं ऐकेनात.

माझी भिशी त्याच महिन्यात लागली. ते अर्धं वाक्य मला झोपू देत नव्हतं. मी घरी म्हटलं, मीही जाते.

आमचे हे पेपरातून डोकंसुद्धा न काढता म्हणाले, “वाळवंट बघायला एवढ्या लांब? मे महिन्यात दुपारी बारा वाजता गच्चीवर जा, फुकट आहे.”

मी गेले. दोन विमानं बदलून गेले.

*

ग्रुपमध्ये निम्मे नाशिक-पुण्याचे आणि निम्मे आम्ही खानदेशी. टूर मॅनेजर सचिन हा पुण्याचा मुलगा, तिकडची गाइड मराल. ती इंग्रजीत बोलायची, सचिन मराठीत सांगायचा.

पहिल्याच दिवशी बसमध्ये सचिननं गंभीर होऊन सांगितलं की इथला उन्हाळा फार भयंकर असतो, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्याला वाटलं आम्ही घाबरू. मागच्या सीटवरून आमच्याकडचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

तात्या म्हणाले, “सचिनभाऊ, मग आम्ही तिकीट कशाचं काढलं?”

त्यात ऑक्टोबर. सकाळी अशी थंडी की वाळवंटात सगळी खानदेशी मंडळी कानाला मफलर बांधून उभी! उंटानंसुद्धा वळून बघितलं.

राजधानी मात्र पांढरी शुभ्र, सगळ्या इमारती संगमरवरी. मराल म्हणाली की धुळीनं माखलेली गाडी शहरात चालत नाही, म्हणून ड्रायव्हरनं शिरायच्या आधी बस धुऊन घेतली. तात्यांना हा नियम फार आवडला. म्हणाले, हा शहाद्यात लावला तर रस्त्यावर म्हैससुद्धा दिसणार नाही.

*

आता खरी गंमत. कॉलनीतली बातमी तात्यांच्या कानावरही गेलेली होती! ते बोलले नाहीत, पण विमानतळापासून माणूसच बदलला.

भाभींची बॅग तात्यांच्या खांद्यावर. भाभींची पर्ससुद्धा तात्यांच्या खांद्यावर. हॉटेलात सकाळी हातात प्लेट घेऊन रांगेत तात्या, भाभी खुर्चीवर. जन्मात चहा न केलेला माणूस रूममधल्या किटलीत चहा करायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं तो गाळलाच नाही. भाभी तो पत्तीसकट प्यायल्या.

पुण्याच्या बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसून तात्यांकडे बोट दाखवायच्या. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर सचिननं खेळ घेतले आणि तात्या-भाभींना ‘बेस्ट कपल’चं बक्षीस दिलं. एक लाकडी उंट.

नाशिकच्या एका काकांनी तात्यांना बाजूला घेऊन विचारलं, “एवढं प्रेम या वयात कसं टिकवलंत?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उंटाकडे बघितलं.

*

एका दुपारी रस्त्याच्या कडेला कापूस दिसला. पांढरं रान, वेचणी चाललेली. तात्या सीटवरून उठून “थांबवा, थांबवा” करायला लागले. सचिन म्हणाला, कार्यक्रमात किल्ला आहे, कापूस नाही. तात्या म्हणाले, किल्ला कुठे पळून जातोय?

बस थांबली. सगळे शेतकरी गडी खाली उतरले, मागोमाग बाकीचेही फोटो काढायला उतरले. तात्यांनी बोंडातून कापूस घेतला, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघितली. तिथला म्हातारा शेतकरी जवळ आला, त्यानंही तसाच ओढून दाखवला. मग दोघांनी मिळून एक किडकं बोंड फोडलं आणि दोघांनीही एकाच वेळी कपाळाला हात लावला. बोंडअळीला भाषा लागत नाही.

बसमध्ये मी आणि भाभी दोघीच उरलो. मी विषय काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाभीच बोलल्या.

“भितले कान लायाच व्हता, ते पुरं तरी ऐकी लेती.”

भिंतीला लावलेला माझा तो कान लालच झाला असणार. भाभींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि राहिलेलं वाक्य स्वतःच पूर्ण केलं. “मी ते सरळ कोरीटले.” आबांजवळ. आबा लेकीकडे येत नाहीत, मग लेकीनं जायचं. सामानाची बॅग त्यांनी निघायच्या आधीच कोरीटला पाठवून दिली होती.

मी विचारलं, “आणि तात्या?”

त्यांनी शेतातल्या तात्यांकडे बघितलं. म्हणाल्या की साठी उलटलेल्या माणसानं सासऱ्याच्या घरी राहायचं म्हटलं तर गाव घरजावई म्हणून हसेल. लोकांनी हसावं अशा जागी मी त्यांना बोलावणार नाही. मी एकटीच जाणार. त्यांना अजून सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस.

मला! मला गुपित ठेवायला सांगितलं! याच्यापेक्षा मला पायी वाळवंट ओलांडायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

*

तो पेटलेला खड्डा बघितला तेव्हा दिवस नुकता बुडत होता. जमिनीच्या पोटातला गॅस कितीतरी वर्षं जळतोय. मराल म्हणाली की आता पूर्वीइतकी आग राहिली नाही, कमी होत चालली आहे. ग्रुपमधली एक पुण्याची बाई वैतागली. भाभी तिला म्हणाल्या, “होळी सकाळी बघायला गेलं की अशीच दिसते. पण ऊब असते.”

सगळे फोटो काढायला पांगले आणि तात्या माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खांद्यावर ती पर्स होतीच.

“लताबाई, मी वाईट आहे का हो?”

मी नाही म्हटलं.

“मग ती मला का सोडून चालली?”

उत्तर माझ्या दातांपर्यंत आलं होतं. जिभेवर नाही, दातांपर्यंत! मी ओठ मिटून घेतले. इतक्या वर्षांत माझं तोंड बंद राहिलेलं तात्यांनी पहिल्यांदाच बघितलं, आणि त्यामुळे ते आणखीच घाबरले. त्यांना वाटलं, प्रकरण फार पुढे गेलंय.

*

शेवटच्या आधीच्या दिवशी एका खेड्यातल्या घरी जेवण होतं. अंगणात मातीची मोठी भट्टी, तिच्या आतल्या भिंतीला थापून रोट्या भाजत होत्या. घरची आजीबाई आणि तिच्या दोन सुना राबत होत्या. भाभी जाऊन शेजारी बसल्या. बघता बघता त्यांनी बाही सरकवली आणि पिठाचा गोळा उचलला.

आमच्याकडे चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर पुरणाचे मांडे करतात. गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर, तो वाढत वाढत कोपरापर्यंत येतो आणि फाटत नाही. भाभींनी पुरणाशिवायच तसा मांडा हातावर फिरवला. कुणीतरी चुलीवर मोठी कढई पालथी घातली. भाभींनी मांडा तिच्यावर अलगद टाकला आणि सगळ्या अंगणानं श्वास सोडला! सुनांनी मोबाइल काढले. आजीबाईंनी भाभींचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हटलं.

मरालनं सांगितलं, सचिननं मराठीत केलं, “आजी म्हणतात, हिला इथेच राहू द्या. माझ्या घरात ठेवते.”

सगळे हसले. तात्या मात्र ताडकन उभे राहिले. “नाही नाही, तसं नाही, ती आमच्याबरोबर परत येणार आहे.” मग आवाज खाली आला. “घर येशी ना वं?”

भाभींनी हाताचं पीठ झाडलं.

“नही. मी कोरीटले जासू. आबा एकला शेतस.”

तिथल्या लोकांना शब्द कळले नाहीत, पण सुनांनी मोबाइल खाली केले. तात्या खाली बसले. समोर मांडा आला, तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला, आणखी एक मागून घेतला, तोही खाल्ला. मरालनं काळजीनं सचिनला विचारलं की यांची तब्येत बरी आहे ना. विमानातही तात्यांनी पर्स खांद्यावरून काढली नाही.

*

आल्यावर कॉलनीत सगळ्यांनी मला गाठलं. काय झालं, खरं होतं का? मी म्हटलं, अर्धं. मीनाबाई म्हणाली, कुठलं अर्धं? मग मला सगळं सांगावंच लागलं, अगदी नंदुरबार स्टेशनपासून.

नंदुरबार स्टेशनवर उतरून आम्ही तिघांनी गाडी केली. ड्रायव्हर म्हणाला, शहादा ना? भाभी म्हणाल्या, आधी कोरीट. तात्या पुढच्या सीटवर, काचेतून समोर बघत.

आबा दारातच खाटेवर बसले होते, काठी शेजारी. भाभी उतरल्या, पाया पडल्या. त्यांनी गाडीतून आपली बॅग काढली आणि ओसरीवर ठेवली. ओसरीवर आधीच एक बॅग होती.

आबांनी दोन्ही बॅगांकडे बघितलं.

“कितला दिन?”

“आते आठेच,” भाभी म्हणाल्या.

आबांनी काठीवर बोटं फिरवली. तात्या गाडीतून उतरले होते, पण दार धरूनच उभे. मी मुद्दाम बुटाचा बंद बांधायला वाकले. माझ्या पायात चप्पल होती, पण त्या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं.

आबांनी विचारलं, “आनि जवाई?”

भाभींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तात्यांनी गाडीचं दार लावलं, खांद्यावरची पर्स काढली आणि आत जाऊन खुंटीला अडकवली.

“मी बाकीनं सामान लई येस,” बाहेर येऊन ते म्हणाले.

आबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग खाटेवर थोडे सरकले.

“मंग तुन्ही खाट बी लई ये. आठे एकच शे.”