वडिलांनी नापास केलेलं रॉकेट

धाकट्या बहिणीचा एमएससीचा सेमिनार दुसऱ्या दिवशी अकराला होता. मागच्या वेळी पहिल्याच प्रश्नाला तिची वाचा बसली आणि ती खाली उतरली. ही दुसरी संधी, आणि शेवटची. म्हणून तिने सराव वडिलांसमोर केला. वडील संरक्षण कारखान्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. घरात येणारी वस्तू, कुकर असो की भोपळा, ते तपासून पास करतात किंवा परत पाठवतात.

बहिणीने कागदावर रॉकेट काढलं. त्याचं इंजिन प्रवाशाला सतत सारखंच ढकलतं, जमीन आपल्याला ढकलते तेवढ्याच जोराने. प्रवाशाच्या घड्याळात एक वर्ष झालं की पृथ्वीवरून मोजलेला वेग प्रकाशाच्या सत्त्याहत्तर टक्के. दोन वर्षांनी सत्त्याण्णव. तीन वर्षांनी साडेनव्याण्णव. शंभर कधीच नाही.

"आधी सत्त्याहत्तर, मग वीस, मग अडीच," वडील म्हणाले. "इंजिन गेलं. रिजेक्ट."

"बाबा, इंजिन ठीक आहे. आतल्याला धक्का तेवढाच लागून राहिला."

"मग वेग काहून वाढून नाही राहिला?"

बहिणीने पेन खाली ठेवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, उद्यासाठी काही शिल्लक ठेवा."

थोड्या वेळाने बहिणीने स्वयंपाकघरातून कढीचं उघडं पातेलं उचललं. "चला बाबा, दाखवते." ती, वडील आणि मी ऑटोत बसलो, पातेलं वडिलांच्या मांडीवर. गोहलपूर वस्तीच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. ऑटो एकसारखा चालला होता आणि कढी सपाट होती.

"आता वेग किती, कढीला विचारा," बहीण म्हणाली.

"कढी काय सांगेल?"

"भैया, ज़रा भगाओ," ती ऑटोवाल्याला म्हणाली.

कढी वडिलांच्या सदऱ्यावर आणि सीटवर आली.

"ही एवढंच सांगते, धक्का किती," बहीण म्हणाली. "वेग रस्त्यावरचा माणूस सांगतो. त्याचं घड्याळ वेगळं, त्याची फूटपट्टी वेगळी. रॉकेटातल्याला धक्का तोच राहतो. बाहेरच्याला मात्र वेग कमी कमी वाढताना दिसतो."

"अंकल जी, सीट?" ऑटोवाल्याने मागे पाहून विचारलं.

"सीट रिजेक्ट," वडील म्हणाले. सदरा झटकून त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "रॉकेट पास."

दुसऱ्या दिवशी ती दीडला घरी आली. तीन प्रश्न आले होते, तिन्हींची उत्तरं दिली होती.

"पहिला कोणता?" वडिलांनी विचारलं.

"तुमचाच. सर म्हणाले, इंजन कमज़ोर हो गया क्या?"

वडिलांनी चष्मा काढला. "अच्छा. कोणत्या कारखान्यात होते ते?"