खंदकातले चतुर

आमच्या क्वार्टरसमोरचा खंदक लढाईच्या दिवसांत, विमानं आली तर लपायला म्हणून, शेजाऱ्यानंच खणला होता, कुरकुरत. तो तोफगोळ्यांच्या कारखान्यात लेथवर होता. हाती येईल ती वस्तू बोटांनी मापून बघायची त्याची सवय. लढाई संपली, पावसानं खंदक भरला आणि त्यात चतुर किड्यांची पिल्लं वळवळू लागली. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो, म्हणून त्यानं मला विचारलं, "मास्तर, याले पंख कुठून येतील जी?"

"आतच लिहिलेलं असतं. पृथ्वीवर पाखरंही नव्हती, तेव्हापासून."

"म्हणजे एकाच ड्रॉइंगमधून दोन माल? एक पोहणारा अन् एक उडणारा?" तो एकदम खूश झाला.

पोरं पडतील म्हणून कॉलनीतले लोक खंदक बुजवायला निघाले, तेव्हा तो आडवा आला. "थोडं थांबा ना भैया. आत काम चालू आहे." मग ड्यूटीवरून आला की तो काठावर खुर्ची टाकून बसायचा आणि पोरांना हाकलायचा. पिल्लांना वर चढायला त्यानं पाण्यात खराट्याच्या काड्या रोवल्या होत्या.

हळूहळू काड्यांवर पिल्लांची रिकामी टरफलं दिसू लागली. एका सकाळी पाण्यात काहीच हलेना. त्यानं एक टरफल बोटांत धरून मापलं, अलगद खिशात ठेवलं आणि फावडं मागायला माझ्या दारात आला.