तोंड रस्त्याकडे

माझे सासरे आयुष्यात कुठल्याही जागेतून पाठमोरे बाहेर पडलेले नाहीत. लग्नाच्या पंगतीत ते दाराकडे तोंड करून बसतात. न्हाव्याला खुर्ची रस्त्याकडे फिरवायला लावतात, मग आरसा बिचारा त्यांच्या पाठीला असतो. "आत जाणं कोणालेबी जमते, जवाई. माणसाचं ध्यान भाईर निघाच्या रस्त्यावर पाह्यजे," असं ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत म्हणाले होते. हे तत्त्वज्ञान त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण ते त्यांनी आपल्या मोटरसायकललाही लावलं, आणि त्यापायी माझी मोटरसायकल अकोल्यात सासरवाडीच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहते. अकोल्याचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला मी जास्त सांगत नाही. दुपारचं जेवून निघालो की सीटवर बसताना मी तोंडातल्या तोंडात काय बोलतो, ते फक्त बायकोला ऐकू येतं.

मी अमरावतीचा, संत्र्याचा व्यापारी. हातगाडीपासून सुरुवात केली, कोणाच्या बापाच्या पैशावर नाही. शेंदूरजनाघाटच्या बागेत एक चक्कर मारून झाडावरच्या मालाचा सौदा करतो, आणि अजूनही मोटरसायकलवरच जातो, कारण कार दिसली की बागवाला भाव चढवतो. माझा आवाज चढला की समोरचा उतरतो, हा आजवरचा अनुभव. पण सासऱ्यांच्या गॅरेजात माझ्या गाडीपुरती जागा काढण्याचा सौदा मला कधी जमला नाही. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, फाटकाबाहेर माझ्या खर्चाने पत्रे टाकून देतो म्हणालो. त्यांनी शांतपणे सुपारी कातरत ऐकून घेतलं. "तुमची गाडी जवान आहे, जवाई. तिले ऊन सोसते. हे म्हातारी झाली."

खरं म्हणजे त्या गॅरेजात दोन गाड्या सहज मावतात. अट एकच, आत जाताना जशी गेली तशीच ती उभी ठेवायची. पण सासऱ्यांच्या मोटरसायकलचं तोंड रस्त्याकडेच पाहिजे. फाटकातून आत यायचा चढ असा उभा की गाडी मागे मागे ढकलत नेता येत नाही. तेव्हा ती सरळ आत न्यायची आणि आतल्या आत फिरवायची. घर बांधताना त्यांनी हा विचार पक्का केला होता. ते तेव्हा जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर होते आणि मोजमापाच्या बाबतीत कोणाचं ऐकत नसत. मोकळ्या प्लॉटवर त्यांनी गाडी उभी केली, स्वतःच्या हाताने गोल फिरवली आणि जिथपर्यंत तिची टोकं पोचली तिथे गवंड्याला चुन्याची रेघ मारायला सांगितली. त्या रेघेवर भिंती उभ्या राहिल्या. गाडी आत तंतोतंत फिरत होती. फक्त ती फिरवणारा माणूस मोजमापाच्या वेळी रेघेच्या बाहेर उभा होता, ही गोष्ट भिंतींना प्लास्टर झाल्यावर लक्षात आली.

दुसऱ्या कोणी भिंत पाडली असती. सासऱ्यांनी भिंतीत कोनाडा खोदून घेतला, बरोबर आपल्या उंचीचा. गाडी फिरताना तिचं शेपूट भिंतीजवळ आलं की ते पोट आत ओढून त्या कोनाड्यात शिरतात, मागचा दिवा पोटासमोरून निघून गेला की बाहेर येतात आणि उरलेली गाडी फिरवतात. सासूबाई म्हणतात, "देवाले कोनाड्यात ठेवतेत हे पाह्यलं होतं. नवऱ्याले ठेवाची पाळी माह्यावरच आली."

हा सोहळा मी पुष्कळदा पाहिला आहे. आधी ते चपला काढतात, सदरा खिळ्याला टांगतात, दोन्ही आरसे आत वळवतात. स्टँड सरकावा म्हणून जमिनीवर तांब्याभर पाणी ओततात. मग घरात आवाज द्यायचा, "मिक्सर बंद!" चटणी अर्धवट राहिली तरी मिक्सर बंद. मग गाडी साइड स्टँडवर आपल्याकडे ओढायची, चाकं जरा हलकी झाली की त्या एका पायावर अख्खं धूड गरकन फिरवायचं. फिरवताना ते तिच्याशी बोलतात. "ये, ये माय, थोडी अजून. अवं, भिताड हाये तिकडे!" इतक्या मायेने ते आपल्या मुलांशी बोललेले बायकोला आठवत नाही. जावयाचा तर प्रश्नच नाही.

बरं, हे घरापुरतं थांबत नाही. अंजनगाव सुर्जीला एका लग्नात जेवण उरकून ते मंडपाबाहेर गेले आणि रांगेतल्या सगळ्या वऱ्हाड्यांच्या मोटरसायकली त्यांनी एकेक करून रस्त्याकडे तोंड करून लावल्या. जेवून रस्त्यावर आलेली मंडळी आपापल्या गाडीचं शेपूट शोधत होती आणि तिथे सगळीकडे तोंडंच तोंडं. अर्धा मांडव चोरी झाली म्हणून ओरडत सुटला. नवरदेवाच्या काकांनी तर कोण्या तिसऱ्याचीच गचांडी धरली. सासरे एका बाजूला पान लावत उभे. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाहा, चांगलं करून ठेवलं तं लोकाईले ओळखू येत नाही."

गेल्या उन्हाळ्यात मात्र गाडी फिरवता फिरवता त्यांचा गुडघा सरकला. गाडी कलली आणि ते कोनाड्यात अडकले, मागची सीट पोटावर. हाक मारली असती तर सासूबाई चार पावलांवर होत्या. पण हाक मारणं म्हणजे गॅरेज लहान आहे हे कबूल करणं. ते पोट आत ओढून उभे राहिले. सासूबाई मिक्सर बंद करून आतल्या आत ताटकळत. शेवटी शेजारी पाण्याची मोटर चालू करा म्हणून सांगायला आला, त्याने गाडी उचलली आणि तोंड भिंतीकडे तशीच उभी केली.

पुण्याहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला, गाडी विका. डॉक्टर तेच म्हणाले, सासूबाई तेच म्हणाल्या. सासऱ्यांनी सुपारी अर्धवट कातरून बाजूला ठेवली, यावरून प्रकरण त्यांना किती लागलं ते मला कळलं. विकायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सौदा करणारा मी एकटा. सासऱ्यांनी एकच अट घातली. "जो घेईन त्यानं ते गॅरेजात फिरवून, तोंड सामोर करून न्यावी. उलटी वढत नेली तं मी देत नाही."

गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाचं कोपर सोलून निघालं. एकाचा पाय गाडीखाली गेला. एक शिकलेला मुलगा आत डोकावून म्हणाला, "काका, ही भिंत पाडा आधी."

"भिताड नाही विकून राह्यलो बाप्पा, गाडी विकून राह्यलो," सासरे म्हणाले. प्रत्येक गिऱ्हाईक परत गेलं की ते एक पोळी जास्त खात, असं सासूबाई सांगतात.

मग जुन्या गाड्यांचे व्यापारी अनीसभाई आले. दाढीला मेंदी, बोटात चांदीची अंगठी, बोलणं कमी. त्यांनी गॅरेज पाहिलं, कोनाडा पाहिला, काही विचारलं नाही. गाडी ओढली, फिरवली आणि स्वतः मागच्या सीटवरून पाय टाकून पलीकडे उतरले. कोनाड्याची गरजच पडली नाही. तोंड रस्त्याकडे. "लो चाचा," ते म्हणाले.

सासऱ्यांनी मान हलवली. "जमलं," म्हणाले. शब्द देऊन बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार? भाव आधीच ठरला होता, चांगला होता. अनीसभाईंनी खिशात हात घातला. सासरे सीटवरची धूळ हाताने पुसत होते. तिथे धूळ नव्हती. पुसून झालं तरी हात तिथून निघेना.

"टाकीतल्या पेट्रोलचं काय?" मी विचारलं.

"पेट्रोल?" अनीसभाई थांबले.

"त्याचे पैसे वेगळे."

"सेठ, मजाक कर रहे क्या?"

"मी धंद्यात मजाक करत नाही!" माझा आवाज चढला. "भरलेली टाकी आहे. फुकट न्यायची का?"

"तो हवाभी गिन लो, दोनों टायरोंकी!"

"मोजीन! नवे टायर आहेत!"

अनीसभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या हाताकडे पाहिलं. खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "रहने दो. ऐसे आदमीसे अपना सौदा नै जमता," म्हणाले, सासऱ्यांना सलाम केला आणि निघून गेले. त्या सलामात माझा वाटा नव्हता.

पेट्रोलचा मुद्दा तत्त्वाचा होता, हे मी आजही सांगतो. पण सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावला. "गिऱ्हाईक चांगलं होतं, पर जवायानं घालवलं. त्याईले सौदा कराची अक्कल नाही." मग हेच अकोल्यातल्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, अमरावतीच्याही. परवा शेंदूरजनाघाटला एका बागवाल्याने मला विचारलं, "काहो शेठ, पेट्रोलवरून सौदा मोडला म्हनते तुमी?" वीस वर्षांत कमावलेलं नाव या माणसाने एका फोनवर घालवलं, आणि मी कुठे जाऊन सांगू?

गाडी अजून तिथेच आहे. चालवायची मनाई आहे. एका जागी उभी राहून टायर बसतात म्हणून मी गेलो की ती फिरवावी लागते. सासरे दारातून सूचना देतात, आणि त्या सगळ्या चुकीच्या असतात. मागच्या खेपेला ती फिरवून दाराशी आणली तेव्हा म्हणाले, "धरा जराक," आणि दुखरा पाय हाताने उचलून सीटवर बसले. इंजिन बंद. दोन्ही हात हँडलवर, समोर रस्ता. रस्त्यावरून एक कुल्फीवाला गेला, शाळेतून सुटलेल्या दोन मुली गेल्या. ते बघत राहिले. त्यांच्या मागे मी भिंतीला चिकटून उभा. ते उतरल्याशिवाय मला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि उतरा म्हणून मी काही म्हटलं नाही.