दारापाशी बोलायचं काम

बसमधून उतरताना एल्द्रीड आधी उजवा पाय टेकते, मग डावा मागून ओढून घेते. डाव्या खुब्यात झीज आहे. डॉक्टर म्हणतो, बदलून टाकू. ती म्हणते, मोसम संपू दे. पण मोसम लांबतच चाललाय. मे महिन्यापासून स्वोल्वेरच्या धक्क्याला पांढरी जहाजं लागतात, त्यांच्या पोटातून माणसं बाहेर पडतात, त्यांतली बसभर माझ्या वाट्याला येतात आणि जहाजाचा भोंगा व्हायच्या आत ती सगळी परत आणून टाकावी लागतात. मधे डोंगरांत घुसलेले समुद्राचे फाटे म्हणजे फ्योर्ड, डोंगर, कोळ्यांची गावं, वाफल्स आणि लघवी. गाडी मी चालवतो, बोलते एल्द्रीड.

रोज तेच बोलायचं. उजव्या हाताला पाहा, डाव्या हाताला पाहा. एकदा आमच्याकडे जेवायला आली तेव्हा माझ्या बायकोला म्हणाली, "मोल्फ्रिड, डाव्या हाताला बटाटे आहेत, ते जरा इकडे दे." आम्ही हसलो. ती हसली नाही. बटाटे वाढून घेतले आणि खाली मान घालून जेवली.

माणसंही रोज तेच विचारतात. ऑगस्टमध्ये मासे वाळवायच्या लाकडी मांडवांवर एक शेपूट शिल्लक नसतं, वाळलेला कॉड कधीच इटलीला गेलेला असतो. तरी कुणीतरी विचारतंच, मासे कुठायत? एल्द्रीड माइकवर म्हणते, "तुम्ही उशिरा आलात. त्यांनी बरीच वाट पाहिली." दलदलीतल्या पिवळ्या बेऱ्या कुठे मिळतात असं विचारलं तर म्हणते, "दुकानात." तिच्या माहेरच्या घरामागे चांगली दलदल आहे म्हणतात. नेमकी कुठे, ते इतक्या वर्षांत मलाही कळलेलं नाही. विचारलं तर मलाही दुकानाचाच पत्ता देईल.

माहेर स्कार्वोगला, आमच्या रस्त्यावरच. तिथे लहानपणी ती कॉडच्या जिभा कापायची. तरुणपणी दोन वर्षं ब्रेमरहाफेनच्या मासळी गोदामात राबून जर्मन शिकून आली. मग गावातल्या कारखान्यात मासे सोलायला लागली. कारखाना बंद पडला तेव्हा म्हाताऱ्यांना घरोघरी जाऊन आंघोळी घालायचं काम धरलं, त्यातच खुबा गेला. नवरा भर समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला म्हणून गेला आणि स्टाव्हांगरला दुसरीच्या घरी उतरला. आता स्वोल्वेरला एका तळघरातल्या खोलीत राहते. खिडकीतून रस्त्यावरच्यांचे फक्त बूट दिसतात. "चेहरे दिवसभर बघतेच की," म्हणते.

स्कार्वोगच्या घरात तिचा थोरला भाऊ हाल्गेर एकटा असतो. आईवडिलांमागे घर त्याच्या नावावर झालं, एल्द्रीडनं तेव्हाच सही करून दिली होती. आता या वयात तिला परत तिथे जायचं होतं. फार काही नको होतं. वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली, ती लहानपणी झोपायची ती. पुढच्या वर्षी बसला रामराम ठोकून तिथे पडून राहायचं, बस्स. हे तिनं मला वसंतातच सांगितलं होतं. फक्त हाल्गेरला विचारायचं राहिलं होतं.

आता हे विचारणं आमच्याकडे कसं असतं ते सांगायला हवं. कामासाठी कुणाच्या घरी गेलात तर दार ठोठावायचं नाही. ठोठावतो तो पाद्री, नाहीतर करवसुलीवाला. सरळ आत जायचं, बसायचं. कॉफी येते. वाऱ्याबद्दल बोलायचं, मेंढ्यांबद्दल बोलायचं, दुसरा कप घ्यायचा. मग उठायचं, निरोप घ्यायचा, दाराच्या मुठीला हात लावायचा आणि तेव्हा, जणू आत्ताच आठवलं असं, कशासाठी आलो ते म्हणायचं. त्याआधी तोंड उघडणारा माणूस एक तर दक्षिणेचा, नाहीतर पिऊन आलेला.

स्कार्वोगला बस फोटो काढण्यापुरती थांबते. एल्द्रीड लंगडत भावाच्या स्वयंपाकघरात जाणार, थर्मासचं झाकण फिरणार, वाऱ्याची गोष्ट निघणार, मेंढ्यांपर्यंत यायच्या आत माझा हॉर्न. सगळा उन्हाळा असाच गेला.

"विचारलंस?" ती परत आली की मी म्हणायचो.

"नाही रे. अर्धाच कप झाला होता."

"मग अर्ध्या कपावर विचार."

"तू काय दक्षिणेचा, बेर्गेनचा आहेस का?"

"बरं, फोन कर."

"फोनवर? त्याला वाटेल कुणीतरी गेलं." मग सीटवर बसून दोन मिनिटं डोळे मिटायची आणि माइक उचलायची.

त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. गावापुढच्या बोगद्यात दुरुस्ती चालू होती. पुढे पिवळ्या दिव्याची गाडी आणि तिच्यामागे बाकीच्यांनी रांगेनं जायचं, अशी वाहतूक. आम्ही स्कार्वोगला पोहोचलो तोच निरोप आला की आत छताचा दगड सुटलाय, तो उचलेपर्यंत कुणालाच सोडणार नाहीत. जहाजाला आपली माणसं उशिरा येतील असं मी कळवलं. माणसं बसमध्ये बसून वाफाळलेल्या काचा पुसू लागली.

"आज हॉर्न नाही," मी एल्द्रीडला म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू पण चल. एकटी गेले तर त्याला वाटेल काही काम आहे."

आम्ही गेलो. मेणकापड घातलेलं टेबल, रेडिओवर समुद्राचं हवामान आणि लोकरीच्या जर्सीत बसलेला हाल्गेर. बोट विकल्यापासून तो खिडकीशीच बसतो. मला बघून म्हणाला, "ये रे, घोड्या." पुढे घोड्याच्या एका अवयवाचं नाव घेतलं. आमच्याकडे याला जवळीक म्हणतात. नुसतं नावानं हाक मारली तर समजायचं, काहीतरी बिनसलंय.

कॉफी आली.

"वारा फिरलाय," हाल्गेर म्हणाला.

"फिरलाय," एल्द्रीड म्हणाली.

"नैर्ऋत्य."

"जरा पश्चिमेकडेच म्हणायचा."

हाल्गेरनं श्वास आत ओढून "हो" म्हटलं. पटलं की आमच्याकडे हो असाच म्हणतात, आत घेत.

"मेंढ्या?"

"डोंगरावर आहेत. दोन दिसत नाहीत."

"येतील."

"न येऊन सांगतायत कुणाला. बेऱ्या पिकल्यात."

"कुठे?" मी विचारलं.

"दुकानात," दोघं एकदमच म्हणाली.

दुसरा कप ओतला गेला. एल्द्रीडच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरला होता. घाई नव्हती. रेडिओ बोलत होता, पाऊस काचेवर आपटत होता आणि मला वाटलं, आज होतंय हे काम. अजून अर्धा कप, मग उठायचं, मग दार.

तेवढ्यात दार उघडलं आणि रेनकोटमधून पाणी गाळत आमच्या बसमधल्या ऑस्ट्रियाच्या एक बाई आत आल्या. फ्राऊ लोइटनर, सत्तरीच्या. आम्हाला आत जाताना पाहून त्यांना वाटलं असणार, हाही सहलीचाच भाग. न ठोठावता आल्या म्हणजे ओळखीच्याच, असं धरून हाल्गेर उठला. चौथा कप काढला, लेफ्सेला, म्हणजे आमच्या मऊ पोळीला, लोणी-साखर लावून ती त्यांच्यापुढे ठेवली. बाई खुश झाल्या आणि जर्मनमध्ये बोलायला लागल्या.

एल्द्रीडनं कप खाली ठेवला. आवाज बदलला, माइकवरचा झाला. सवयच ती.

"त्या म्हणतात, फार सुंदर घर आहे."

"छप्पर गळतं म्हणावं."

तिनं सांगितलं. बाई हसल्या, पुन्हा काही विचारलं.

"विचारतात, कुणी बांधलं?"

"आजोबांनी. निम्मं लाकूड किनाऱ्याला वाहून आलेलं."

तिनं तेही सांगितलं. बाईंनी छताकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं.

"विचारतात, एवढ्या घरात तुम्ही एकटे राहता का?"

हाल्गेरनं कपात पाहिलं. परक्या बाईला उत्तर द्यायचं म्हणजे त्याला दारापर्यंत थांबायचं कारण नव्हतं.

"ऑक्टोबरपर्यंत म्हणावं. मग लेकनेसला जातोय, नगरपालिकेनं म्हाताऱ्यांसाठी खोल्या काढल्यात तिथे. घर विकलं. ऑस्लोचं जोडपं आहे, दोघंही डॉक्टर. उन्हाळ्यात येतील."

एल्द्रीडनं ते सगळं जर्मनमध्ये सांगितलं. ऑक्टोबर, लेकनेस, म्हाताऱ्यांच्या खोल्या, ऑस्लोचे डॉक्टर, काही गाळलं नाही. फ्योर्ड किती खोल आहे ते रोज सांगते तशा आवाजात सांगितलं. बाईंचा चेहरा पडला, त्या हळू काहीतरी म्हणाल्या. एल्द्रीड भावाकडे वळली.

"त्या म्हणतात, वाईट..." आणि तिथे तिचं तोंड उघडंच राहिलं.

रेडिओ कुठल्याशा दीपगृहापाशी लाटा किती आहेत ते सांगत होता. हाल्गेरनं तो बंद केला. फ्राऊ लोइटनरना शब्द कळत नव्हते पण बाकीचं कळत असावं. लेफ्सेचा तुकडा तसाच हातात धरून त्या उठल्या आणि मला खुणेनं म्हणाल्या, मी बसमध्ये बसते.

माझा फोन वाजला. बोगदा मोकळा झाला होता, पिवळ्या दिव्याची गाडी निघणार होती. मी नुसतं म्हणालो, "एल्द्रीड."

ती टेबलाला धरून उठली. हाल्गेरही उठला. तो कधी दारापर्यंत येत नाही, आज आला.

"तुला दारापाशी सांगणार होतो," तो म्हणाला. "जूनपासून. तू दारापर्यंत येतेस तोवर हा घोडा हॉर्न वाजवतो."

"सही झाली?"

"झाली."

तिनं दाराच्या मुठीला हात लावला. उघडलं नाही.

"माझंही एक काम होतं."

"काय?"

"आता काय त्याचं."

"आली आहेस दारापर्यंत, तर सांगून जा."

"वरची खोली मागणार होते. समुद्राकडची."

हाल्गेरनं तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं. "तुझा हा असला खुबा, आणि वरची खोली?"

"चढले असते."

"दिली असती," तो म्हणाला. "खालचीही दिली असती. एकट्यानं छप्पर होत नाही म्हणून तर विकलं. मला वाटलं, तुला शहर मानवलंय. रोज एवढी माणसं, बोलणं-चालणं. मला वाटलं, तुला गर्दी आवडते."

"मला?" एल्द्रीड म्हणाली आणि हसली. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, पुन्हा पाहू नये असंही वाटलं.

त्यानं तिच्या रेनकोटची वरची गुंडी लावली. ती लहान असताना लावत असेल, तशी. मग आम्ही पावसात निघालो.

बसमध्ये माणसं कंटाळून कुरकुरत होती. कुणाला भूक, कुणाला जहाज चुकायची धास्ती. एल्द्रीडनं माइक घेतला. उशिराबद्दल माफी मागितली, जहाज थांबलंय म्हणून धीर दिला, आधी इंग्रजीत, मग जर्मनमध्ये. बोगदा संपल्यावर पुढच्या गावातलं लाल चर्चही डाव्या हाताला दाखवलं. फ्राऊ लोइटनर तेवढ्या खिडकीबाहेर न बघता तिच्याकडे बघत होत्या. मी आरशातून पाहत होतो. मला वाटत होतं, ही आता बसेल, आता बसेल. धक्का येईपर्यंत ती उभीच होती.

सगळी उतरल्यावर मी म्हणालो, "घरी चल. मोल्फ्रिडनं माशाच्या वड्या केल्यात."

"नको. मी काही बोलणार नाही आज."

"तुला बोलायला कोण सांगतंय? खायला चल."

आली. मोल्फ्रिडला मी दारातच दोन वाक्यांत सांगितलं होतं, त्यामुळे तिनं काही विचारलं नाही, फक्त ताट पुढे केलं. एल्द्रीडनं एक वडी खाल्ली, दुसरी मोडली आणि काटा हातात असतानाच खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. मोल्फ्रिडनं हळूच काटा काढून घेतला. खुब्याखाली उशी सरकवली.

"उठवू नकोस," ती कुजबुजली. "लेकनेसला भाड्यानं खोल्या मिळतात का रे? तुझ्या मावसभावाकडे होती ना एक?"

"त्याची वरच्या मजल्यावर आहे. शेजारी विचारायला हवं."

"मग विचार."

"जातो रविवारी. कॉफी घेतो, मग बघू."

"खालच्या मजल्यावरची," एल्द्रीड म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "आणि रविवारपर्यंत थांबू नकोस, आत्ता फोन लाव."

मी फोन लावला.