चौथ्या खुर्चीवरची सुपारी

बेरीज-वजाबाकी जगात सगळ्यांनाच येते, पण माणसं मोजता येतात ती फक्त आमच्या काकांना, असं माझं आता ठाम मत झालं आहे. काका म्हणजे तसे माझे कुणीच नव्हेत. माझ्या बायकोच्या आत्याचे नाशिकचे जुने शेजारी, एवढंच नातं. पण परदेशात नाती लांबून चालत येतात आणि अगदी चिकटून बसतात. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला, आमच्यापासून दोन इमारती सोडून काका एकटेच राहतात हे कळल्यावर आत्यानं फोनवरूनच त्यांचा ताबा आमच्याकडे दिला, की आमचा त्यांच्याकडे, हे अजून ठरायचं आहे. औषधांच्या एका कारखान्यात, बाटलीत गोळ्या शंभर भरल्या आहेत की नव्व्याण्णव, हे तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. रिटायर झाल्यावर गोळ्या संपल्या आणि मोजायला माणसं उरली. कुठल्याही खोलीत शिरताना काका आधी दारात थांबत, ओठ हलवत आतली डोकी मोजत आणि आकडा पसंत पडला तरच पुढचं पाऊल टाकत. पसंत न पडणारा आकडा एकच होता. तीन.

तीन तिघाडा काम बिघाडा, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तिघं मिळून कुठे निघाले तर काही तरी विपरीत होतं, म्हणून जुनी माणसं चौथा सोबती म्हणून एखादा खडा नाहीतर सुपारी बरोबर घेत. बाकीच्यांनी ही रीत गावीच सोडली, काकांनी ती व्हिसाबरोबर आणली. त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात एक सुपारी कायम असे, वर्षानुवर्षं हात लागून काळी आणि गुळगुळीत झालेली. लिफ्टमध्ये तीन माणसं झाली की ती बाहेर येई आणि काकांच्या तळहातावर बसून चौथ्या मजल्यापर्यंत जाई. एकदा काका आणि आम्ही नवरा-बायको असे तिघं फ्लोरिडाला निघालो होतो, तेव्हा विमानतळावरच्या तपासणीत ती ट्रेमध्ये सापडली. "व्हॉट इज धिस, सर?" अधिकाऱ्यानं विचारलं. "ही इज विथ अस," काका म्हणाले. त्या धिप्पाड माणसानं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा सुपारीकडे, आणि का कोण जाणे, दोन्ही हातांनी उचलून ती परत दिली.

दर शनिवारी दुपारी आम्ही तिघं, म्हणजे काका, माझी बायको मेधा आणि मी, एका तुर्की हॉटेलात जेवायला जात असू. लाँड्री आणि दातांचा दवाखाना यांच्या मधोमध अडकलेलं, आठ टेबलांचं ते हॉटेल काकांनीच शोधून काढलं होतं. त्यांच्या मते घरचं जेवण म्हणजे काय हे जगात दोनच देशांना कळलं होतं. तिथल्या मसुरीच्या सुपाला ते सार म्हणत, तेलात मुरलेल्या वांग्याला भरलं वांगं म्हणत, आणि आयरान नावाचं जे खारट ताक तिथे मिळतं त्याबद्दल त्यांची एकच तक्रार असे, "यांचं जिरं घालायचं राहून गेलंय." पहिल्या दिवशी दारातल्या मुलीला त्यांनी "टेबल फॉर फोर" सांगितलं. "इज समवन जॉइनिंग यू?" तिनं विचारलं. "ही इज हिअर," म्हणत काकांनी चौथ्या खुर्चीवर पेपर नॅपकिन पसरला आणि त्यावर सुपारी ठेवली. मेधा लाजून मेन्यूमध्ये तोंड खुपसून बसली. तेवढ्यात मालकीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, डोक्याला रुमाल बांधलेली सत्तरीची बाई. त्या सुपारीकडे बराच वेळ बघत राहिल्या. हसल्या नाहीत. छातीवर हात ठेवून किंचित वाकल्या, आत गेल्या आणि कमरेत बारीक असलेल्या त्यांच्या त्या छोट्या पेल्यांतून चार चहा घेऊन आल्या. त्या दिवसापासून काका त्यांचे 'आबी' झाले, म्हणजे त्यांच्या भाषेत दादा, आणि त्या काकांच्या ताई. दोघांचं इंग्रजी सारखंच तुटकं असल्यामुळे त्यांच्यात कधी गैरसमज झाला नाही.

सुपारीशी काका अहो-जाहो करून बोलत. "जरा सरकून घेता का, मेधाला पर्स ठेवायचीय," असं ते एकदा म्हणाले आणि सुपारी सरकली. सुपारी गोल असते, खुर्ची एका बाजूला कलती असणार, हे मी मेधाला घरी जाईपर्यंत चार वेळा समजावून सांगितलं. चहा येताच काका ताईंना बजावत, "ह्यांचा बिनसाखरेचा." स्वतःच्या चहात मात्र साखरेचे चार खडे टाकत, कारण दोनात त्यांचं भागत नसे आणि तीन टाकण्याचा प्रश्नच नव्हता. आणि आम्ही उठायच्या वेळी त्या चौथ्या पेल्यातला चहा दोन बोटं खाली गेलेला असे. मी व्यवसायानं सॉफ्टवेअर टेस्टर आहे, जे दिसतं त्यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. एका शनिवारी मी मुद्दाम पाचवा चहा मागवला आणि चौथ्याच्या शेजारी ठेवला. तासाभरानं पाचवा काठोकाठ तसाच होता आणि चौथा दोन बोटं खाली. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "उगाच एक चहा गार केलास," ते म्हणाले.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं. ते पावाचा तुकडा सारात बुडवत होते. "एकदाच विसरलो होतो सुपारी," ते म्हणाले. "मी, माझी बायको आणि धाकटा भाऊ, असे तिघं धुळ्याला निघालो होतो. पोचलो दोघं." मग त्यांनी ताईंना हाक मारून अजून पाव मागवला, आणि तो विषय मी पुन्हा कधी काढला नाही.

आता जे सांगायचं आहे ते असं. आमची दोन बाळं जन्माआधीच गेली होती, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. हे आम्ही आत्यालाही सांगितलं नव्हतं, काकांना तर नाहीच. दुसऱ्या वेळेनंतर मेधानं त्या विषयावर बोलणंच बंद केलं होतं, आणि मीही तिच्या गप्प राहण्यामागे लपलो होतो. अशातच फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बाहेर बर्फ साचलेलं असताना, काका हॉटेलच्या दारात थांबले. ओठ हलले, हात खिशाकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला. "आज ह्यांना कशाला त्रास?" ते म्हणाले. "आपण चौघं आहोत."

"काका, तिघंच तर आहोत," मी हसत म्हणालो.

"चौघं," काका म्हणाले आणि नेहमीच्या जागी जाऊन बसले. चौथी खुर्ची रिकामी राहिली. मेधाचा हात मेन्यूवर जिथे होता तिथेच थांबला. तिनं त्या दिवशी काहीच खाल्लं नाही. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "आज सकाळी टेस्ट केली मी. पॉझिटिव्ह आहे. तुला सांगायची भीती वाटत होती यार." गाडी सुरू करायला मला पाच मिनिटं लागली.

त्यानंतरचे सहा-सात महिने आम्ही डॉक्टरच्या तारखांवर नाही, काकांच्या खिशावर काढले. दर शनिवारी दारात ते मोजायला थांबले की आम्ही दोघं श्वास धरून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहायचो. सोनोग्राफीतलं चित्र मला कळत नाही, मेधा म्हणायची, काकांचा खिसा कळतो. एकदा त्यांनी शिंक आली म्हणून खिशातून रुमाल काढला, तर मेधा मटकन दाराजवळच्या बाकावर बसली. काकांना यातलं काही ठाऊक नसावं. ते आपले वांग्यावर प्रेम करत होते. ताईंना मात्र पहिल्याच दिवशी सगळं कळलं असावं, कारण त्या रिकाम्या खुर्चीसमोर त्यांनी चहा ठेवणं बंद केलं आणि आयरानचा छोटा पेला ठेवू लागल्या. लहान मुलांना चहा द्यायचा नसतो, एवढंच त्या म्हणाल्या. तिसरा महिना गेला, पाचवा गेला, मेधाला खुर्ची टेबलापासून लांब ओढावी लागू लागली.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी काका दारात थांबले ते थांबलेच. ओठ हलले, पुन्हा हलले. मग आत येऊन त्यांनी चौथ्या खुर्चीवर नॅपकिन पसरला आणि खिशातून सुपारी काढून त्यावर ठेवली. ताई आयरानचा पेला हातात धरून वाटेतच उभ्या राहिल्या.

"काका, हे काय?" मी विचारलं.

"तीनच भरतायत," काका ओशाळून म्हणाले. "दोनदा मोजलं मी."

मेधा दोन्ही हात पोटावर ठेवून उठली. मी किल्ल्या उचलल्या. "जेवून तरी जा," काका मागून म्हणत होते. हॉस्पिटलमध्ये तिच्या पोटाला पट्टे बांधले आणि यंत्रातून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू आले, भरधाव आणि अगदी स्वच्छ. बाळ उत्तम आहे, डॉक्टर म्हणाल्या, कशामुळे घाबरलात? सुपारीमुळे, असं अमेरिकेत कसं सांगणार? संध्याकाळी मी काकांना फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका वडीलधाऱ्या माणसाला वाटेल ते बोललो. पुरे झाला तुमचा तो चौथा, म्हणालो. यापुढे आम्हाला मोजू नका, म्हणालो.

"बाळ ठीक आहे ना पण?" त्यांनी विचारलं.

"एकदम ठीक आहे."

"मेधा?"

"तीही ठीक आहे."

"आणि तू आहेसच," काका म्हणाले. "मग बरोबर आहे." त्यांच्या आवाजात एवढं समाधान होतं की मला आणखीच राग आला आणि मी फोन ठेवून दिला.

बुधवारी दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या, काका गेले. समोर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं. सगळं आवरून घरी आल्यावर रात्री मेधा स्वयंपाकघरात उभी राहून बोटांवर मोजत होती. "तू, मी, बाळ," ती म्हणाली. "तीन. त्यांनी स्वतःला धरलंच नव्हतं." मग ती रडली, आणि मीही रडलो. तीस वर्षांत एका गोळीची चूक न केलेल्या माणसाला मी मोजू नका म्हणालो होतो, आणि तेच माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. ते मला अजून गिळवत नाही.

मुलगी झाली. ती दोन महिन्यांची झाल्यावर एका शनिवारी आम्ही तिला घेऊन हॉटेलात गेलो. ताईंनी तिच्या कपाळाला ओठ लावले, आत गेल्या आणि साखरेच्या एका जुन्या डब्यातून सुपारी काढून आणली. त्या दिवशीच्या धावपळीत ती खुर्चीवरच राहिली असेल, असं मला वाटलं. "आबी डिड नॉट टेक," त्या म्हणाल्या. "आय से, आबी, युअर फ्रेंड. ही से, कीप. दे विल कम थ्री."

मुलगी आता तीन वर्षांची आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि भातापेक्षा पाव जास्त खाते. दर शनिवारी दारातली मुलगी विचारते तेव्हा मी "फोर" सांगतो, नॅपकिन पसरतो, सुपारी ठेवतो. एकदा नकळत माझ्या तोंडून "जरा सरकून घ्या" असंही निघून गेलं. ताई चौथ्या खुर्चीपुढे चहा आणून ठेवतात. तो बिनसाखरेचा असायचा, हे त्या विसरल्या असतील असं मला वाटत नाही, पण आता बशीत न चुकता साखरेचे चार खडे असतात. आम्ही उठतो तेव्हा पेला दोन बोटं खाली गेलेला असतो आणि बशी रिकामी. मनातल्या मनात मी सॉरी काका म्हणतो आणि मुलीला कोट घालायला लागतो. पाचवा चहा मी आता मागवत नाही.